सकाळची तार

"ती तार सकाळची चावते, आदोमा. पोरीला लांब ठेव तिच्यापासून."

एनो बिरागो असं म्हणाली तेव्हा मी, एरवीपेक्षा लवकर उठून, दात घासत होते. तोंडातल्या फेसासकट हसले.

"तार कशी चावेल एनो? दात आहेत का तिला?"

"हस, हस. शिकलेल्या पोरी हसतातच." तिने कापड पिळलं आणि तारेला हात न लावता लांबूनच वर भिरकावलं. ते अर्धं तारेवर पडलं, अर्धं लोंबत राहिलं. "रोज नाही चावत. तिच्या मनात आलं की चावते."

मी चूळ भरली आणि आत गेले. म्हातारपणी हाताला मुंग्या येतात, तसलं काहीतरी असेल, एवढंच मनात आलं. खरं तर विजेच्या बाबतीत मी त्या दिवसांत कशालाही हसत नव्हते. नेमकी त्याच गोष्टीला हसले.

आमचं घर कुमासीतल्या बाकीच्या भाड्याच्या घरांसारखंच. मधे सिमेंटचं अंगण, चारी बाजूंनी खोल्या, खोलीगणिक एक कुटुंब. नळ एक, न्हाणीघर एक, कपडे वाळत घालायची तारही एकच. नवरा तेमाच्या बंदरावर क्रेनच्या कामाला, महिन्यातून एकदा येणार. पदवी पेटीत पडलेली. मुलगी न्हिरा नुकती बोलायला लागलेली, म्हणजे दिवसभर बोलणारी. नोकरी मिळत नाही म्हटल्यावर मी अक्रातल्या एका संस्थेचा घरगुती वायरिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम धरला. धडे फोनवर, प्रश्न ग्रुपवर, आणि शेवटी अक्राला जाऊन हाताने काम करून दाखवायचं.

"बाई शिडीवर चढणार, आणि नवऱ्याने खाली उभं राहून काय बघायचं?" शेजारची मर्सी म्हणाली. सगळं अंगण हसलं. मर्सी केसांच्या वेण्या घालून द्यायची. तिच्या स्टुलाभोवती बायका बसलेल्याच असायच्या, त्यामुळे तिचं वाक्य संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचायचं.

शिकवणारे क्वाये सर. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. व्हिडिओत फक्त दोन हात, लाकडी फळीवर बसवलेली बटणं आणि आवाज. "चेहरा का दाखवत नाही तो?" नवऱ्याने फोनवर विचारलं. "काहीतरी गोम आहे." मलाही तेच वाटत होतं. सरांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता, तो मी नीट लक्षात ठेवला होता. उद्या फी घेऊन पळाले तर पोलिसांना सांगायला बरं.

पण धडे खरे होते, आणि त्यांनी माझी झोप उडवली. वायर तापली की कसा वास येतो ते कळल्यापासून मी प्रत्येक प्लगला नाक लावायला लागले. भिंतीला ओल दिसली की न्हिराला उचलून घ्यायची. पंखा गुरगुरला की मेन स्विच बंद. "तुझ्या शिक्षणापायी आम्हाला अंधारात जेवायला लागतंय," असं वोफा ओफोरी कुरकुरायचे. वोफा म्हणजे मामा. घरमालक परदेशात, तेव्हा घराची सगळी देखरेख या जगमामाकडे. भाडं, नळ, दुरुस्ती, सगळं तेच बघायचे. न्हाणीघराच्या दिव्याचं बटणसुद्धा त्यांच्याच खोलीत होतं.

एनो बिरागो कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहायची. सगळे तिला एनो, आईच, म्हणत. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नाक्यावर निखाऱ्यांवर केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकायची. नळाला पाणी पहाटे यायचं आणि सकाळी तिला निखारे पेटवायला जायचं असायचं, म्हणून घर जागं व्हायच्या आत तिचं धुणं झालेलं असायचं. न्हिराचा तिच्यावर फार जीव. उठली की पहिली एनोकडे, हात मिळवून "कशी आहेस" विचारायला. मोठ्या माणसाला सकाळचं विचारायचंच, हे आम्ही मुलांना चालता येण्याच्या आधी शिकवतो.

त्या दिवशी न्हिरा माझ्या आधी उठली. दार उघडल्याचा आवाज मला झोपेत आला. मग किंकाळी आली.

मी धावत बाहेर आले तेव्हा न्हिरा ओल्या सिमेंटवर बसून रडत होती, उजवा हात पोटाशी धरलेला. एनो तारेजवळ उभी होती. तिचं निळं कापड खाली पाण्यात पडलेलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"काय केलंस तिला?" हे मी विचारलं नाही. मर्सीने विचारलं, तिच्या दारातून.

"हात दिला मी," एनो म्हणाली. "तिने हात पुढे केला, मी दिला. मलाही लागलं गं, छातीत लागलं."

"एनोने चावलं," न्हिरा हुंदके देत म्हणाली.

पोराच्या तोंडून निघालेला शब्द. मर्सीने तो तिथेच उचलला.

मी मुलीचा हात उलटासुलटा करून पाहिला. डाग नाही, सूज नाही. तिला घेऊन आत गेले आणि दार लावलं. चेटूक वगैरेवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून मी दाराला वरची कडी लावायला लागले, जिथे न्हिराचा हात पोचत नाही.

मग घर बोलायला लागलं. पहाटे सगळे झोपलेले असताना ही बाई अंगणात काय करते? पोटी मूल नाही, मग दुसऱ्यांच्या मुलांना का लळा लावते? तिची केळी खाऊन अमक्याच्या पोटात दुखलं होतं, आठवतं का? एनो नळावर आली की भांडी उचलली जायची. नाक्यावर तिच्या शेगडीपाशी कोणी थांबेना. मर्सी वेणी घालताना आवाज खाली आणून बोलायची, आणि खाली आणलेला तो आवाज मला माझ्या खोलीत स्पष्ट ऐकू यायचा.

एनो एकच धरून बसली होती. "तारेत आहे काहीतरी. तार बघा."

अखेर वोफांनी मोठ्या रस्त्यावरचा एक इलेक्ट्रिशियन आणला. कमरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड, डोळ्यांवर काळा चष्मा. ऊन डोक्यावर होतं. त्याने तारेला टेस्टर लावला, इकडे लावला, तिकडे लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. मग त्याने तार सरळ मुठीत धरली आणि लोंबकळून दाखवलं.

"आई, ही कपडे वाळत घालायची तार आहे. विजेची नाही."

सगळे हसले. एनो हसली नाही. "सकाळी या," ती म्हणाली.

"सकाळी वेगळी तार असते काय?"

तो गेला. मला त्याचं काहीतरी खटकलं होतं, पण काय ते मलाच सांगता येईना. अभ्यासक्रम अर्धाच झाला होता; पट्टा बांधलेल्या माणसाला मी काय विचारणार?

पुढच्या शनिवारी एनोचा भाचा अजेई पिकअप घेऊन आला. आमच्याकडे बहिणीच्या मुलाचा शब्द घरात शेवटचा. फोन त्याला कोणी केला ते कोणीच सांगत नव्हतं. मर्सी त्या दिवशी सकाळपासून स्टूल धूत बसली होती, एवढं मी पाहिलं.

"मावशीला जरा आराम हवाय," अजेई म्हणाला. "प्रार्थनेच्या ठिकाणी नेतो. तिथे मोठे लोक आहेत, तिच्यासाठी उपास करतील."

"कुठे?" मी विचारलं.

"आहे एक ठिकाण."

एनोचं सामान एका टोपलीत मावलं. निघताना ती अंगणात उभी राहिली आणि रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून एकेकापुढे हात करत गेली. वोफांनी टोपी नीट केली. मर्सीने हात ओले आहेत म्हणून दाखवले. बाकीचे आपापल्या दारात सरकले. एनो तरी कोणाला गाळत नव्हती. हात पुढे, क्षणभर थांबायचं, मग पुढच्या दाराशी.

ती माझ्यापर्यंत येण्याआधीच न्हिरा माझ्या मागून निसटली. अनवाणी, नळाखालच्या ओल्या सिमेंटवरून धावत गेली आणि एनोचा हात दोन्ही हातांनी धरला.



काही झालं नाही. न्हिराने हात हलवला, एनोने हलवला. "चावत नाहीस ना आता?" न्हिराने विचारलं.

"नाही गं माझे राणी."

एनोने मला हात दिला तेव्हा तो हलका आणि कोरडा होता. पिकअप वळून गेली. मर्सी म्हणाली, "दिवसा लपवतात असल्या बायका. दिवसा काही दिसत नाही."

दिवसा. मी तिथेच उभी राहिले. तीच म्हातारी, तीच मुलगी, तसेच अनवाणी पाय, तसंच ओलं सिमेंट. मग त्या सकाळी असं काय होतं जे आत्ता नव्हतं? पहिलं म्हणजे तार. आत्ता एनोच्या हातात तार नव्हती. आणि दुसरं, सकाळ.

त्या आठवड्याचा धडा घरातल्या वायरींचा नकाशा काढायचा होता. मीटरपासून निघायचं आणि प्रत्येक वायर शेवटच्या टोकापर्यंत डोळ्यांनी चालत जायची. मी न्हिराला पाठीला बांधलं, शिडी घेतली आणि निघाले. मर्सीच्या स्टुलावरून टोमणे आले, ते येऊ दिले. न्हाणीघराच्या दिव्याची वायर वोफांच्या खोलीतून निघून पत्र्याखालच्या लाकडी फळीवरून जात होती. धूळ इतकी की वायर आणि फळी एकच दिसत होती. आणि अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे कपड्यांच्या तारेचं टोक बांधलेलं होतं, तिथे एक लांब खिळा होता. गेल्या कोरड्या मोसमात जुनी तार तुटली तेव्हा वोफांनी तो ठोकला होता, मीच खालून त्यांना हातोडी दिली होती. खिळा वायरीच्या पोटातून गेला होता.

मी टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने क्वाये सरांचा आवाज आला, नेहमीसारखा, सावकाश. "बाई, ही बटणाच्या पुढची वायर आहे. बटण बंद असेल तर ती मेलेली. दिवा चालू करून बघा. आणि मुलीला पाठीवरून उतरवा आधी."

मुलगी पाठीवर आहे हे त्यांना कसं कळलं? मी दचकून मागे पाहिलं. मग फोटो पुन्हा पाहिला तर कडेला न्हिराचा एक पाय आला होता. पहिल्यांदाच मला त्या माणसाचा संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. न्हाणीघराचा दिवा जळत होता. वोफा तो तिन्हीसांजेला लावायचे आणि सकाळच्या बातम्या संपल्यावर, चहाचा कप ठेवून, बंद करायचे. एनोचं धुणं त्याच्या आधी व्हायचं. आम्हा बाकीच्यांचं नंतर. पायात जाड रबरी चपला घालून, एक हात पाठीमागे ठेवून, मी तारेला टेस्टर टेकवला.

टेस्टरच्या पोटात केशरी ठिपका लागला.

मी बराच वेळ तो बघत राहिले. एनोच्या पायांत रबरी चपला असायच्या; वीज तिच्यापर्यंत यायची आणि अडून राहायची. पाय ओले झाले की थोडी झिरपायची, चावल्यासारखी. त्या सकाळी कापड नीट करायला तिने तार डाव्या हाताने धरली असणार. न्हिरा आली, हात पुढे केला. डावा हात कोणी माणसाला देत नाही, लहान मुलाला तर नाहीच. म्हणून एनोने डावा तारेवर ठेवून उजवा दिला. अनवाणी, ओल्या पायांची माझी मुलगी. विजेला जमिनीत जायला वाट मिळाली, ती एनोच्या छातीतून.

मी सगळ्यांना उठवलं. वोफा लुंगी सावरत आले. मी त्यांना बटण बंद करायला सांगितलं, ठिपका विझला. चालू, लागला. बंद, चालू. लहान मुलांना ती गंमत वाटली.

"म्हणजे तारेतच होतं," कोणीतरी म्हणालं.

"तारेत होतं हे खरं," मर्सी म्हणाली. तिने हाताची घडी घातली होती. "पण ह्या घरात एवढी माणसं. मी त्याच तारेवर टॉवेल टाकते. मला का नाही चावली? तिलाच का?"

"कारण ती पहाटे उठते, मर्सी! दिवा तेव्हा चालू असतो."

"आणि ती पहाटेच का उठते?"

नळाला पाणी तेव्हा येतं, हे मर्सीलाही ठाऊक होतं. काहींनी माना हलवल्या. मर्सीकडे बघून की माझ्याकडे, कळलं नाही.

मेन बंद करून मी वायर मोकळी केली, तेवढा तुकडा बदलला. खिळा वोफांनी स्वतः उपटला. मी हात पुढे केला तोवर तो त्यांच्या खिशात गेला होता.

"जुना खिळा आहे," ते म्हणाले. "आधीच्या भाडेकरूच्या वेळचा."

"वोफा, हातोडी मी दिली होती तुम्हाला."

"तू लहान मुलं सांभाळ, आदोमा," ते हळू म्हणाले. "घरमालकाला फोन बिन करू नकोस. खोली सोडायला लागली तर कुठे जाशील पोरीला घेऊन?"

तारेऐवजी आता सुतळीची दोरी आहे. एनोच्या खोलीत वोफांच्या ओळखीचं एक जोडपं आलंय.

मी अजेईला फोन केला. सगळं सांगितलं, सावकाश, दोनदा. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं झालं, देवाने दाखवलं. म्हणजे उपासाचा गुण येतोय."

"मग आणा ना तिला परत."

"आता मधेच कसं आणायचं?"

"कुठे आहे ती? मी भेटून येते."

एकदा तो म्हणाला मांपोंगच्या पुढे. एकदा म्हणाला एजुराच्या रस्त्याला. नंतर फोन उचलेनासा झाला. तिने घर सोडलं तेव्हा त्याने तिची शेगडीही नेली होती, ती मला नाक्यावरच्या दुसऱ्याच बाईपाशी दिसली. विचारलं तर ती बाई म्हणाली, विकत घेतली.

मी न्हिराला घेऊन ट्रोट्रोने, म्हणजे भाड्याच्या मिनीबसने, गेले. मांपोंगच्या पुढे विचारत विचारत. रस्त्याच्या कडेला एक आवार सापडलं, बांबूच्या खांबांवर पत्रा टाकलेलं, आत ढोल आणि गाणी. फाटकावरच्या माणसाने माझं नाव विचारलं, माझ्या चर्चचं नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं. एनो बिरागो? अशी कोणी इथे नाही.

"बघून येऊ का?"

"उपास चालू आहे. बाहेरच्यांना आत सोडत नाही."

तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. खोटं बोलणारी माणसं खाली बघतात असं मी समजत होते.

आवाराच्या कडेने कपडे वाळत होते. लांब तार, या खांबापासून त्या खांबापर्यंत. बायकांची कापडं, पुरुषांचे सदरे, पोरांच्या चड्ड्या. सगळं तारेवर होतं. फक्त एक कापड लांब, काटेरी कुंपणावर पसरलेलं. निळं, गिनी कोंबडीच्या पिसांसारखे पांढरे ठिपके असलेलं, आणि एका कोपऱ्याला हिरवं ठिगळ. निखारा उडून जळलं होतं, तेव्हा माझ्याकडच्याच दोऱ्याने तिने ते शिवलं होतं. तारेवर जागा होती. तरी ते कुंपणावर होतं.

"एनोचं," न्हिरा म्हणाली.

फाटकावरच्या माणसाने फाटक लावलं.

त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा तोच माणूस, तेच उत्तर. दुसऱ्या वेळी कुंपण रिकामं होतं. क्वाये सरांनी अक्रातल्या कोणा वकील बाईंचा नंबर दिलाय. त्या येत्या आठवड्यात बघते म्हणतात, आणि त्यांचा येता आठवडा अजून आलेला नाही. नवरा म्हणतो, आपल्याला पोर आहे, तू कशाला शिरतेस दुसऱ्यांच्या भानगडीत. मला आता फाटकावर ओळखतात. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तुमच्यापैकी कोणी कुमासीहून वर जाणार असेल, तर मांपोंग ओलांडल्यावर उजव्या हाताला बघा. ढोल ऐकू येतील. पाणी प्यायला म्हणून थांबा, नाव विचारू नका, आधी कुंपण बघा. निळं कापड दिसलं तर ती आत आहे. कशी आहे, जेवायला देतात का, तेवढं बघून या. भेटू दिलं तर सांगा की तारच होती, आदोमाने स्वतः पाहिली. आणि तुमचा उजवा हात पुढे करा. ती कदाचित देणार नाही, मागे घेईल. तुम्ही काढून घेऊ नका. जरा वेळ तसाच धरून ठेवा.